गटातले हिस्से मिळवताना फसू नका : १/३ आणि १/४ म्हणजे २/७ नव्हे

चाकण : एमआयडीसीमुळे खेड तालुक्यात गुंठ्या-गुंठ्याला भाव आला, तसे सामाईक गटातल्या हिश्शांवरून भावकीत वादही वाढले. समजा, ३ एकर म्हणजे १२० गुंठ्यांच्या गटात एकाचा वडिलोपार्जित हिस्सा १/३ आहे. चुलतभावाचा १/४ त्याने खरेदी केला. आता एकूण किती?

वरचे वर, खालचे खाली मिळवून २/७ धरले, तर जमीन भरते जेमतेम ३४ गुंठे. पण नुसता १/३ च ४० गुंठे होतो! विकत घेऊन जमीन कमी कशी होईल?

दोन्ही हिश्शांचे तुकडे सारखे नाहीत, ते आधी सारखे करायचे. ३ आणि ४ या दोघांनीही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या १२. गटाचे १२ भाग पाडले तर १/३ म्हणजे ४ भाग, १/४ म्हणजे ३ भाग. बेरीज ७/१२, म्हणजे ७० गुंठे.

जुन्या कागदांवरची हिश्शाची आणेवारी हेच करते. पूर्ण जमीन १६ आणे, एका आण्याचे १२ पै. १/३ म्हणजे ५ आणे ४ पै, १/४ म्हणजे ४ आणे. बेरीज ९ आणे ४ पै.

खरेदीखतावर सही करण्याआधी सगळ्या खातेदारांचे हिस्से मिळवून बघा. बेरीज बरोबर १, म्हणजे १६ आणे आली पाहिजे. कमी-जास्त आली, तर आधी तलाठ्याकडे फेरफार तपासा, मगच सही करा.