एकत्र खेळायच्या गेममध्ये दिव्यांग भावंडालाही जागा हवी. त्यासाठीच्या सोयी कोणत्या, त्या वापरायच्या कशा?

ईदला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मामे-चुलत भावंडं जमली की मोबाईल नाहीतर टीव्हीभोवती गराडा पडतो. अशा वेळी एखादं मूल मागे बसून नुसतं बघत असतं. कुणाला नीट दिसत नाही, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाचा एक हात साथ देत नाही. 'तू फक्त बघ' असं त्याला सांगितलं जातं. कधी मन राखायला बंद पडलेला रिमोट त्याच्या हातात दिला जातो. आपण खरं खेळत नाही आहोत, हे मुलाला लगेच समजतं.

खरं तर बऱ्याच गेममध्ये आणि साध्या मोबाईलमध्येही अशा मुलांसाठी सोयी दिलेल्या असतात. त्यांना 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' म्हणतात. पण सेटिंग्जचा तो भाग फारसं कुणी उघडून बघत नाही.

को-ऑप गेममध्ये फरक काय?

को-ऑप म्हणजे एकमेकांना हरवायचा नव्हे, तर मिळून जिंकायचा खेळ. 'ओव्हरकुक्ड' हा त्यातला प्रसिद्ध गेम. चार जणांपर्यंत खेळाडू एकाच स्वयंपाकघरात काम करतात. एकजण भाजी चिरतो, दुसरा शिजवतो, तिसरा भांडी घासतो. वेळेत ऑर्डर गेली तर गुण सगळ्यांना मिळतात आणि उशीर झाला तर फटकाही सगळ्यांना बसतो.

म्हणूनच इथे एकाची अडचण पूर्ण टीमची अडचण होते. कोणतीही सोय सुरू करताना एक प्रश्न विचारावा: ही सोय एकाच खेळाडूला लागू होते की सगळ्यांना? बटणांची जागा बदलली तर ती सहसा त्या एका खेळाडूपुरती बदलते. अक्षरं मोठी केली, आवाजाच्या ओळी स्क्रीनवर आणल्या किंवा वेळ वाढवला, तर तो बदल सगळ्यांसाठी होतो. त्यामुळे सेटिंग्ज लावताना सगळी मुलं सोबत बसलेली बरी.

२०२० मध्ये आलेल्या 'ओव्हरकुक्ड! ऑल यू कॅन ईट' या आवृत्तीत 'असिस्ट मोड' आहे. त्यात फेरीचा वेळ वाढवता येतो, ऑर्डर जास्त वेळ थांबतात आणि अवघड टप्पा सोडून पुढे जाता येतं. रंग ओळखायला त्रास होणाऱ्यांसाठी वेगळा पर्याय आहे. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना सोपी जाणारी अक्षरंही निवडता येतात.

कोणत्या अडचणीला कोणती सोय?

*रंग ओळखण्यात अडचण:* लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे मुलींपेक्षा मुलांमध्ये बरंच जास्त आढळतं आणि कित्येकदा घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. लुडोत मूल सारखी दुसऱ्याची गोटी उचलत असेल, तर त्याला रागावण्याआधी डोळे तपासून घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'कलर करेक्शन' असतं. त्यात तीन-चार प्रकार असतात. एकेक लावून बघायचा आणि कोणता बरा वाटतो ते मुलालाच विचारायचं. पाटावरच्या लुडोत तर गोट्यांवर खूण केली तरी काम भागतं.

*ऐकू कमी येणं:* माइनक्राफ्टच्या कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत 'सबटायटल्स' सुरू करता येतात. मग पावलांचा, दार उघडल्याचा आवाज शब्दांत दिसतो आणि तो डावीकडून आला की उजवीकडून, हे बाण दाखवतो. एका कानानं ऐकू येत नसेल तर फोनमधला 'मोनो ऑडिओ' लावावा. नाहीतर हेडफोनच्या ज्या बाजूनं सूचना येते, नेमका तोच कान बंद असायचा. भावंडांनीही ओरडून सांगण्याऐवजी हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात.

*दृष्टी अधू असणं:* फोनमधलं 'मॅग्निफिकेशन' स्क्रीनचा हवा तो भाग मोठा करून दाखवतं. माइनक्राफ्टमधला 'नॅरेटर' मेनू आणि चॅट वाचून दाखवतो. लहान मोबाईलपेक्षा टीव्हीवर खेळणं अशा मुलांना सोपं जातं.

*हात किंवा बोटं नीट न चालणं:* बटणांची जागा बदलणं आणि बटण सतत दाबून धरण्याऐवजी एकदाच दाबून काम होणं, या दोन सोयी आधी शोधा. एक्सबॉक्समध्ये २०१७ पासून 'कोपायलट' आहे. त्यात दोन कंट्रोलर मिळून एकच पात्र चालवतात. म्हणजे बहीण पात्र चालवेल आणि भाऊ त्याला उडी मारायला लावेल. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये मोठ्या बटणांचा 'अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर' आणला, सोनीनं डिसेंबर २०२३ मध्ये 'अ‍ॅक्सेस' कंट्रोलर आणला. ही साधनं महाग आहेत. पण बटणं बदलणं आणि वेळ वाढवणं यासाठी वेगळा खर्च नाही.

*लवकर थकणं:* आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत. या आजारात अंगदुखी आणि थकवा येतो. अशा मुलासाठी मध्येच थांबवता येणारा, सावकाश चालणारा गेम निवडावा.

ही 'चीटिंग' नाही का?

हा प्रश्न मोठी भावंडं हमखास विचारतात. त्यांना समजावायला आपल्याच घरातलं उदाहरण पुरेसं आहे. ज्याला उभं राहता येत नाही, तो बसून नमाज पढतो. बसणंही जमत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्यानं पढतो. मजबुरीत घेतलेल्या या सवलतीमुळे त्याची नमाज कमी दर्जाची ठरत नाही. जमाअतमध्ये खुर्चीवर बसलेले दादाजान बाकीच्यांइतकेच नमाजी असतात.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) दृष्टिहीन होते. कुरआनमधल्या सूरह अबसचा संदर्भ त्यांच्याशी आहे. मदिनेत अजान देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांना नुसती दया दाखवली गेली नाही, काम सोपवलं गेलं. खेळातही हेच लक्षात ठेवावं. मुलाला असं काम द्या की त्यानं ते केलं नाही तर टीम अडेल.

सुरुवात कशी करावी?

धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात नेटवर्कचा भरवसा नसतो. म्हणून एकाच स्क्रीनवर किंवा एकच फोन आळीपाळीनं हातात घेऊन खेळता येणारे, इंटरनेटशिवाय चालणारे गेम आधी बघा. गेम विकत घेण्यापूर्वी त्याच्या पानावर अ‍ॅक्सेसिबिलिटीची माहिती वाचा. सेटिंग्ज बहुतेक वेळा इंग्रजीत असतात, त्यामुळे पहिल्यांदा घरातल्या मोठ्यांनी मुलांसोबत बसावं. एका वेळी एकच सोय बदला, दहा मिनिटं खेळू द्या, मग पुढची.

पैसे लावून खेळायचे गेम यात अजिबात धरलेले नाहीत. ते आपल्याकडे हराम आहेतच, शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यानंही त्यांवर बंदी आहे. नमाज, अभ्यास आणि झोप यांच्या वेळा सांभाळणं दिव्यांग मुलालाही तितकंच लागू. तिथे मात्र वेगळी सवलत नको!

शेवटी एक कामाची गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. आता सिकलसेल, थॅलेसेमिया आणि वाचन-लेखनातली विशिष्ट अक्षमताही त्यात येते. खेळताना मुलाची एखादी अडचण पहिल्यांदाच लक्षात आली, तर ती अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा आणि गरज असेल तर यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाईन अर्ज करा. शाळेतल्या सवलती आणि सरकारी योजनांसाठी तेच कार्ड उपयोगी पडतं.