माय माझे नाव विसरली, ओवी विसरली नाही

"साठी बुद्धी नाठी" अशी आपल्याकडे म्हण आहे. घरातले म्हातारे माणूस विसरू लागले, की आपण ही म्हण सांगतो आणि कामाला लागतो. मीही तेच केले. तीस वर्षे शेतकरी बांधवांना बी-बियाण्याचे आणि खतांचे सल्ले देत फिरलो. पण माझ्याच घरात काय चालले आहे, ते मला वेळेवर उमगले नाही.

माझी माय आज ८२ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी ती चुलीवर दूध ठेवून विसरू लागली. पुढे जेवल्यावर पुन्हा ताट मागू लागली. मग देवळातून घरी येताना वाट चुकू लागली. "माय, आत्ताच तर जेवलीस!" असे मी दहादा रागावून सांगायचो. ती कावरीबावरी व्हायची. एका संध्याकाळी मी दौऱ्यावरून आलो, तेव्हा तिने पदर सावरून विचारले, "भाऊ, तुमी कोन्या गावचे?" त्या रात्री मला जेवण गेले नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, हा म्हातारचळ नाही, हा मेंदूचा रोग आहे. याला स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांपैकी सुमारे सात जणांना तो आहे; म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत त्याचे प्रमाण जास्त आढळले.

जाते फिरले

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सौभाग्यवतीने तूर भरडायला कोपऱ्यातले जाते बाहेर काढले. जात्याची घरघर सुरू झाली. माय खाटेवरून उठली, जात्यापाशी येऊन बसली, तिने खुंट्याला हात घातला आणि ओवी धरली. एकामागून एक अशा वीस-पंचवीस ओव्या ती म्हणाली. कुठे अडखळली नाही. दोन दिवसांपासून जी धड बोलत नव्हती, ती तासभर गात होती. त्या रात्री ती शांत झोपली.

असे का होते?

आपल्या काळ्या रानाचे उदाहरण घ्या. पाऊस गेल्यावर वरची माती सुकते, भेगा पडतात. पण खाली ओल टिकून असते आणि तिच्यावरच रब्बीची ज्वारी येते. मेंदूचेही काहीसे तसेच आहे. या रोगात ताज्या आठवणी आधी जातात. लहानपणापासून हजारदा म्हटलेले गाणे खोल मुरलेले असते. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की ओळखीच्या गाण्यांची आठवण मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेली आहे, ते भाग या रोगात बराच काळ तग धरतात.

आपल्या मायबहिणींनी भल्या पहाटे दळताना वर्षानुवर्षे ओव्या गाइल्या. गंगाखेडच्या जनाबाईबरोबर तर साक्षात विठ्ठल दळायला बसला, असे आपण मानतो. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा करवून घेतल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ओव्याही आहेत. हे धन आपल्या घरातच आहे.

घरच्यांनी काय करावे?

१. आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसरणे वाढते आणि त्यांवर उपचार आहेत.

२. त्यांच्या तरुणपणची गाणी निवडा. बाईला ओवी, पाळणा, भुलई. पुरुषाला भजन, काकडा, हरिपाठ. आपल्याला आवडणारी गाणी त्यांच्यावर लादू नका.

३. आपण स्वतः त्यांच्यासोबत म्हणा, टाळ हातात द्या. मोबाईलवर लावायचे तर आवाज हळू ठेवा आणि त्या वेळी टीव्ही बंद करा.

४. दिवेलागणीला जीव घाबरा होतो, आंघोळीला नकार येतो. अशा वेळी गाणे विशेष उपयोगी पडते.

५. "हे कोणाचे गाणे? सांग बरे!" अशी परीक्षा घेऊ नका. गाण्याने त्रास होऊ लागला तर लगेच थांबवा.

गाण्याने हा रोग बरा होत नाही, हे ध्यानात ठेवा. उदासी आणि तगमग कमी व्हायला मात्र त्याची मदत होते. सांभाळणाऱ्या लेकी-सुनांचेही ओझे थोडे हलके होते. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

आता आमच्या घरी रोज सकाळी जाते घटकाभर फिरते. त्यात मूठभर दाणे असतात, कधी तेही नसतात. सूनबाई ओव्या वहीत उतरवून घेते. आपल्याकडे बाया ओवीत लेकाचे नाव गुंफतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मायच्या ओवीतही माझे नाव येते. समोर बसलेला माणूस कोण, ते तिला ओळखू येत नाही. पण ती माझे नाव घेते तेव्हा तिचा चेहरा उजळतो. मी ओ देतो आणि खुंट्याला हात लावतो.

तुमच्या घरी जाते अडगळीत पडले असेल, तर ते या आठवड्यात पुसून बाहेर काढा. आजी गात्या आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ओव्या शिकून घ्या. उद्या त्यांना आठवण करून द्यायला त्या कुणाला तरी यायला हव्यात.