हैदराबादहून इशारा येतो, आपल्या घरातली कागदांची पिशवी तयार आहे का?



वादळाचा, उंच लाटांचा मेसेज ग्रुपवर आला की आपण काय करतो? बोटी आत घेतो, दोर वाढवतो, जाळी उचलतो, इंजिन झाकतो. बायका सुकी मासळी आणि धान्य माळ्यावर टाकतात. घरातल्या कागदांची आठवण मात्र कुणालाच होत नाही. ती होते पाणी ओसरल्यावर, पंचनाम्याला माणूस दारात उभा राहिला की. आज त्यावरच लिहितो आहोत.

लाटांचे, भरतीच्या उधाणाचे, त्सुनामीचे इशारे जिथे तयार होतात ती संस्था समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, हैदराबादला आहे. तिला आपण ‘इन्कॉइस’ म्हणून ओळखतो. ही केंद्र सरकारची संस्था १९९९ साली सुरू झाली. मासळी कुठल्या पट्ट्यात मिळण्याचा संभव आहे ती माहितीही तिथूनच येते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे इशारा केंद्र उभं राहिलं आणि ऑक्टोबर २००७ पासून ते रात्रंदिवस चालू आहे. वादळाचा इशारा हवामान खातं देतं, लाटांचा हैदराबाद. म्हणजे आपल्या हातात आता काही तास असतात, कधी दोन-तीन दिवसही. आपल्या आजोबांना ते मिळत नव्हते. या तासांत माणूस आणि बोट वाचवायला आपण शिकलो. कागद वाचवायला अजून शिकायचं आहे.

हैदराबाद शहरानेच शिकवलेला धडा

इशारा देणारं शहर स्वतः पुरातून सुटलेलं नाही. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला आणि सुमारे १५ हजार माणसं गेली असं सांगतात. अफझलगंजला एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले, ते झाड आजही दाखवतात. नंतर विश्वेश्वरय्यांना बोलावून पूर अडवायची योजना झाली, उस्मान सागर आणि हिमायत सागर बांधले गेले.

तरीही १३ ऑक्टोबर २०२० ला शहरात असा पाऊस झाला की काही भागांत एका दिवसात ३० सेंटीमीटरहून जास्त पडला. तलाव फुटले, खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेलंगण सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला १० हजार रुपये जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये ‘मी सेवा’ केंद्रांवर अर्ज घेतले, तेव्हा पहाटेपासून लांबच लांब रांगा लागल्या. अर्जात आधार क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक द्यायचा होता. आता विचार करा, ज्याचं कपाट चिखलात गेलं त्याने तो क्रमांक कुठून आणायचा? आणि दोन-तीन दिवसांतच शहराच्या निवडणुकीमुळे ते अर्ज थांबवले गेले. ज्याच्याकडे क्रमांक तयार होते त्याचा अर्ज आत गेला. बाकीचे शोधत राहिले.

हे आपल्याला काही परकं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा रायगडात किती घरांचे पत्रे उडाले आणि आतल्या ट्रंका भिजल्या ते आपण पाहिलंय. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हाही लोक गॅलरीत, गच्चीवर कागद वाळत घालत होते.

आमच्याच बंदरातली गोष्ट

नावं सांगत नाही, घरच्यांची परवानगी घेऊन लिहितो आहोत. आपला एक खलाशी भाऊ बोटीवरून पडून गेला. दोन दिवसांनी सापडला. पोलिसांत नोंद झाली, शवविच्छेदन झालं. मच्छीमारांचा जो गट अपघात विमा केंद्र आणि राज्य मिळून भरतात, त्यात त्याचं नाव होतं. या विम्यात अपघाती मृत्यूला ५ लाख मिळतात, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरी ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि दवाखान्याला २५ हजार. घरात दोन लहान पोरं. आम्हाला वाटलं, चला, वहिनींना एवढा तरी आधार होईल.

मग कागद बाहेर आले. आधारवर नाव एक, पासबुकात आडनावाची वेलांटी वेगळी, बायोमेट्रिक कार्डावर वडिलांचं नाव अर्धवट. वारसदार म्हणून आईचं नाव, आणि ती माउली तीन वर्षांपूर्वीच वारलेली. तिचा मृत्यूदाखला घरात सापडेना. लग्नाची नोंद केलेलीच नव्हती. मूळ पासबुक बोटीच्या केबिनमध्ये होतं, ते भिजून गेलेलं. वहिनी आठ महिने खेपा घालत होत्या. एका खेपेला रोजंदारी बुडायची, रिक्षाचे पैसे जायचे, वर पोरांना शेजारी ठेवायचं.

पैसे शेवटी मिळाले. पण यात चूक आमचीही होती. फॉर्म संस्थेतच भरला होता आणि वारसदार हयात आहे का हे दरवर्षी विचारायचं काम आम्ही केलं नव्हतं. ते आता करतो आहोत, म्हणून हा लेख.

काय काय एकत्र ठेवायचं

एक जाड प्लास्टिकची, तोंड घट्ट बंद होणारी पिशवी घ्या. आत कागदांचे चार गठ्ठे करा.

१. माणसांचे : आधार, रेशनकार्ड, मतदान कार्ड, पॅन, जन्मदाखले, लग्नाची नोंद, घरातल्या गेलेल्या माणसांचे मृत्यूदाखले, शाळेचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या.

२. बोटीचे : नौका नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, बोटीचा विमा, इंजिनाचं बिल, डिझेल परताव्याचे कागद, कर्जाचे हप्ते भरल्याच्या पावत्या. बोटीवर झेरॉक्स ठेवा, मूळ कागद घरी.

३. पैशाचे आणि घराचे : पासबुकं, विम्याच्या पॉलिस्या, किसान क्रेडिट कार्डाचे कागद, संस्थेच्या शेअरचा दाखला, घरपट्टी, वीजबिल, सातबारा किंवा मिळकत पत्रिका.

४. खलाशांचे : प्रत्येक खलाशाच्या आधारची आणि बायोमेट्रिक कार्डाची झेरॉक्स, फोटो, गावचा पत्ता, घरच्यांचा फोन नंबर. हा गठ्ठा बोटमालकाने ठेवायचाच.

चौथ्या गठ्ठ्याला कंटाळा करू नका. पालघर, डहाणूकडची आपली पोरं गुजरातच्या बोटींवर जातात आणि कधी पाकिस्तानच्या हाती सापडतात. दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या माणसांच्या याद्या देतात. पण माणूस सुटायच्या आधी तो भारतीय असल्याची पडताळणी व्हावी लागते. गावचा पत्ता चुकीचा, नाव टोपणनावाने लिहिलेलं, असं झालं की ती पडताळणी अडते आणि तिकडे माणसाचे महिने जातात.

जुना कागद रद्दीत घालू नका

पुन्हा हैदराबादचंच उदाहरण. मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामाच्या काळातले कागद बघायला थेट हैदराबादपर्यंत जावं लागलं. त्या विषयावर आम्हाला इथे मत द्यायचं नाही. एवढंच दाखवायचं आहे की शंभर वर्षांपूर्वीचा कागदही नातवंडांच्या कामाला येतो.

आपल्या पोरांच्या जात पडताळणीलाही तेच लागतं. अनुसूचित जमातीला १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात, इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी घरपट्टीची पावती पिवळी पडली तरी टाकू नका. लॅमिनेशन करू नका, कागद खराब होतो आणि मागचा शिक्का दिसत नाही. साध्या प्लास्टिक कव्हरमध्ये ठेवा.

वारसदाराचं नाव आजच बघा

बँकेत, विम्यात, संस्थेत वारसदार कोण लिहिलाय ते तपासा. लग्नाआधी आईचं नाव दिलेलं असतं, ते तसंच राहतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात. एक लक्षात ठेवा, नाव लागलं म्हणजे तो मालक झाला असं नाही. तो पैसे घेतो, हक्क कायदेशीर वारसांचा राहतो. घरात यावरून भांडणं झालेली आम्ही पाहिली आहेत, तेव्हा आधीच बोलून घ्या.

घरात कुणी वारलं तर २१ दिवसांत नोंद करा. वर्ष उलटलं की वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

मोबाईलमध्येही ठेवा

डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याकडून आलेला दाखला मुळासारखाच चालतो. आपण स्वतः फोटो काढून टाकलेला कागद मात्र नुसती प्रत असते, तरी नंबर हाताशी राहतात. फोटो घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. एक फोन समुद्रात गेला तर दुसरा असतो. ओटीपी आणि पासवर्ड कुणाला देऊ नका, आम्ही संस्थेतूनही ते मागणार नाही.

आणि पिशवी कुठे आहे हे घरच्या बाईला, मोठ्या पोराला माहीत हवं. नाखव्याला एकट्यालाच माहीत असेल आणि नाखवा दर्यात असेल, तर त्या पिशवीचा काय उपयोग?

संस्था काय करणार

बंदी १ जून ते ३१ जुलै. बोटी वर असतात, जाळी विणायचं काम घरीच चालतं. या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात कागद तपासून देऊ. नावात फरक असेल तर कुठे दुरुस्ती करायची ते सांगू, वारसदाराचा फॉर्म तिथेच भरून घेऊ. झेरॉक्सचा खर्च संस्थेचा. येताना घरच्या बाईला सोबत आणा, कारण उद्या वेळ आली तर खेपा तिलाच घालाव्या लागतात.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोट पाण्यात ढकलायच्या आधी प्रत्येक घरात एक पिशवी तयार असावी, एवढीच विनंती.

अडीअडचणीला तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, पोलीस ११२. हे नंबर पिशवीवरच लिहून ठेवा.

– सचिव, संस्थेच्या वतीने