आधी भिडू, मग फौज

मिनिएचर वॉरगेमिंगच्या नादाला लागलेला नवखा माणूस बहुधा चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. सुरेख रंगवलेल्या सैनिकांचे फोटो कुठेतरी बघतो, भारावतो आणि थेट मोठी पेटी मागवतो. पेटीतून निघतात करड्या प्लास्टिकच्या जाळ्या, त्यांना चिकटलेले सुटे हात, पाय, मुंडकी, आणि अनोळखी संज्ञांनी गच्च भरलेली नियमांची चोपडी. समोर खेळायला कोणी नाही, घरात धड ब्रश नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! महिन्याभरात पेटी माळ्यावर जाते. ती पाच आकडी रकमेची असली, तर घरच्यांचे टोमणेही वर्षभर पुरतात.

म्हणून आधी भिडू शोधावा. तो जो खेळ खेळतो तोच शिकावा, मग तो आपल्या स्वप्नातला असो वा नसो. आसपास कोणीच खेळत नसेल, तर दोन्ही बाजूंची छोटी पथकं आपणच उभी करावीत आणि एखाद्या मित्राला, बहिणीला, शेजारच्या काकांना रविवारी दुपारी मेजाशी बसवावं. फौज वगैरे नंतर.

खेळाची रीत तशी सोपी. मेजावर टेकड्या, झाडं, पडक्या भिंती मांडायच्या आणि दोन बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे सैनिक उभे करायचे. बुद्धिबळाच्या पटासारखी घरं इथे नसतात. सहा इंच चालायची मुभा असेल तर टेपने मोजून सहा इंच, हव्या त्या दिशेला. त्यासाठी शिंप्याची टेप सगळ्यात बरी. ती मेजावर लोळते आणि सैनिकांना आडवं पाडत नाही. अमक्याला तमका शत्रू दिसतो का, हे खाली वाकून, सैनिकाच्या नजरेच्या रेषेत बघून ठरवतात. पन्नाशीचे गृहस्थ मेजाच्या कडेला गाल टेकवून एक डोळा मिटलेले दिसले, तर घाबरू नये. गोळी भिंतीआडून लागते की नाही, याचा निवाडा चालू असतो.

या खेळाचा जन्म लष्करी छावणीतला. प्रशियात रायस्विट्झ नावाच्या गृहस्थाने ठोकळ्यांचा युद्धखेळ १८१२ मध्ये राजासमोर मांडला. सैन्यात असलेल्या त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नकाशा आणि पंच असलेले त्याचे सुधारित नियम छापले आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात तो रुळला. हा खेळ छावणीतून घराच्या फरशीवर आणला एच. जी. वेल्सने, तोच ‘टाइम मशीन’वाला. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या त्याच्या पुस्तकात फासे नाहीत. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडाची बारीक कांडी उडवायची आणि शत्रूचे शिशाचे सैनिक खरोखरच पाडायचे. पायदळाला एका वेळी एक फूट चाल, घोडदळाला दोन. गंमत अशी, की वेल्सला खऱ्या युद्धाचा तिटकारा होता आणि पुस्तकाच्या शेवटी त्याने तो मोकळेपणाने मांडला आहे. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

१९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचं ‘वॉर गेम्स’ आलं आणि ब्रिटनमध्ये या छंदाने बाळसं धरलं. १९७५ मध्ये लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली. तिने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ काढला, १९८७ मध्ये त्याचा अंतराळातला भाऊ ‘वॉरहॅमर ४०,०००’. आज कंपनीचं मुख्यालय नॉटिंगहॅममध्ये आहे, आणि तिथून बाहेर पडलेल्या कारागिरांनी आसपास इतके कारखाने थाटले, की त्या टापूला छंदातले लोक ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. २०२४ च्या डिसेंबरात ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. खेळण्यातले सैनिक विकून!

तिचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ उत्तम आहे, पण पहिला खेळ म्हणून मी तो कोणाला सुचवणार नाही. पूर्ण डावाला साठ बाय चव्वेचाळीस इंचांचं मेज, डझनावारी सैनिक आणि अख्खी दुपार लागते. त्यापेक्षा ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ बघा. २०१५ चा हा खेळ. एक मांत्रिक, त्याचा शिष्य आणि फार तर आठ शिपाई. तीन फूट बाय तीन फूट जागा. आणि सैनिक कुठल्याही कंपनीचे चालतात. जादूटोणा नको असेल, तर ‘वन पेज रूल्स’चे मूळ नियम फुकट मिळतात आणि नावाप्रमाणेच आटोपशीर आहेत. पहिला डाव पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदी सैनिकांनी खेळला तरी काही बिघडत नाही. खेळ आवडतो का, हे कळायला तेवढं पुरे.

फाशांबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण नवखा इथेच म्हणतो, ‘हा तर नशिबाचा खेळ!’ वॉरहॅमर ४०,००० मधला साधा गोळीबार घेऊ. दोन्ही बाजूंना स्पेस मरीन नावाचे चिलखती योद्धे आणि ३६ गोळ्या. नेम लागायला फाशावर ३ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे सरासरी २४ गोळ्या लागतात. बंदुकीचा जोर आणि समोरच्याचा काटकपणा सारखाच, म्हणून जखम व्हायला ४ किंवा जास्त, राहिल्या १२. आता समोरचा भिडू चिलखतासाठी फासे टाकतो आणि ३ किंवा जास्त आले की वाचतो, वाचतात ८. उरल्या चार जखमा. एक मरीन दोन जखमांनी पडतो, म्हणजे ३६ गोळ्यांत दोन गडी गारद. हा हिशेब डोक्यात बसला की खेळाडू फाशांवर फुंकर मारणं सोडतो आणि चाळीस गोळ्या कुठून झाडता येतील ते बघू लागतो. तरीही ऐन वेळी चारही फाशांवर एक्के पडतात, आणि वर्षभर सांगायला तोच किस्सा उरतो.

छंदाचं निम्मं आयुष्य मात्र फाशांत जात नाही, ब्रशात जातं. सुटे भाग जाळीतून ओढून तोडू नयेत. लहान कटरने कापावेत आणि उरलेला डाग पात्याने तासावा. प्लास्टिकसाठी मॉडेलचा खास गोंद घ्यावा. तो प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. धातूला आणि रेझिनला आपलं फेविक्विक चालतं. मग प्रायमरचा फवारा. आपल्याकडे इथे हमखास घोळ होतो: जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात दमट हवेत फवारा मारला, तर सैनिकावर खरखरीत पांढुरकी पूड धरते. एक तर कोरडा दिवस गाठावा, नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा.

रंग ॲक्रिलिकचेच हवेत. शाळेतले पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतात आणि घामट बोटांनी चौथ्या खेळीला शिपायाचा अंगरखा उतरवतात. रंग थोडा पातळ करून दोन हात द्यावेत. एकाच जाड हातात नाक-डोळे बुजतात. मग ‘वॉश’ म्हणजे पातळ गडद रंग सोडायचा. तो आपोआप घड्यांमध्ये आणि बोटांच्या फटींत उतरतो. शेवटी ‘ड्रायब्रश’: ब्रशला फिका रंग लावायचा, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. सपाट करड्या बाहुल्याला अचानक गुडघे, कोपरं, गालफडं येतात. हे तीन टप्पे जमले की हातभर अंतरावरून सैनिक झकास दिसतो, आणि मेजावर तो तेवढ्याच अंतरावरून बघायचा असतो. डोळ्यातली बाहुली रंगवायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नये.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्यांच्या हातात यातलं बरंच कसब आधीच असतं. फरक एकच, प्रमाणाचा. आपल्या किल्ल्यावर महाराज महादरवाजापेक्षा उंच आणि वाघ तोफेपेक्षा मोठा असला तरी कोणी हरकत घेत नाही. इथे २८ मिलिमीटरचा शिपाई घेतला की दार, भिंत, झाड सगळं त्याच मापाचं लागतं, कारण भिंतीआड लपता येतं की नाही यावर डाव फिरतो. २८ मिलिमीटर हे आज सर्वांत चलनी माप. मोठ्या लढायांसाठी १५ किंवा ६ मिलिमीटरचे सैनिक मिळतात.

मोठ्या लढाईचा मोह मराठी माणसाला होणारच, आणि त्याची सोयही आहे. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई जगभरचे वॉरगेमर आवडीने मांडतात. जागा आपल्या जालना जिल्ह्यातली, केळणा आणि जुई या नद्यांमधली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा तर्क वेलस्लीने केला आणि फौज पलीकडे नेली. शिंद्यांचं कवायती पायदळ पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली सुमारे अकरा हजार, तोफा शंभराच्या आसपास. एक सैनिक म्हणजे पन्नास माणसं धरली तरी नुसतं हे पायदळ सव्वादोनशेच्या घरात जातं. नवख्याने इतकं रंगवायला घेतलं, तर पुढची दिवाळी त्यातच जाईल.

त्याऐवजी एक कोपरा उचलावा. इंग्रजांची उजवी फळी भरकटून असई गावाच्या तोंडावर गेली, ७४ वी हायलँडर पलटण तोफांच्या आणि घोडदळाच्या कचाट्यात सापडली आणि ब्रिटिश बाजूच्या घोडदळाने येऊन तिची सुटका केली. तेवढाच डाव मांडायचा: एक गाव, दोन-तीन तोफा, थोडे स्वार, आणि मधोमध हायलँडरांचं कोंडाळं. घोडदळ कुठल्या खेळीला येणार ते फासा ठरवेल. तोवर ७४ वी टिकली तर इंग्रज जिंकले, मोडली तर मराठे.

यात तोफांचा एक नियम स्वतःच करावा लागेल. असईला इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून डागल्या. म्हणून जिच्यावरून शत्रू पुढे गेला आहे, त्या प्रत्येक तोफेसाठी दर खेळीला एक फासा टाकावा. सुरुवातीला ६ पडले तरच ती उठेल, असं धरून दोन डाव खेळा, दुसऱ्या डावात बाजू बदलून. दोन्ही वेळा मराठेच हरले, तर आकडा ५ वर आणा.