पायांच्या फुगलेल्या शिरा : उपचारांची पारख

वास्को शहराचे जीवन मुरगाव बंदराशी निगडित आहे. गोदीतील कामगार, खारीवाडा येथील मासेविक्रेत्या, बाजारपेठेतील दुकानदार, उपाहारगृहांतील वाढपी अशा असंख्य लोकांचा दिवस उभ्याने जातो. पेडणे व डिचोली तालुक्यांत लावणीच्या दिवसांत शेतकरी स्त्री-पुरुष चिखलात वाकून काम करतात, तर शिक्षकवर्ग फळ्यासमोर तासन्‌तास उभा असतो. अशा व्यक्तींपैकी कित्येकांच्या पोटरीवर निळसर, नागमोडी शिरा फुगून आलेल्या दिसतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना अपस्फीत नीला असे म्हणतात. इंग्रजीतील ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हा शब्दही आता सर्वपरिचित झाला आहे. सुरुवातीस ठणका फारसा नसल्यामुळे या विकाराकडे दुर्लक्ष होते आणि घोट्याजवळ न भरणारा व्रण झाल्यावरच रुग्ण डॉक्टरांकडे येतो. या व्रणावर नेमका कोणता उपचार गुणकारी ठरतो, याचा निर्णय गेल्या काही दशकांतील चिकित्सालयीन संशोधनाने बऱ्याच अंशी दिला आहे. त्याची माहिती सर्वसामान्य नागरिकांस असणे हिताचे आहे.

विकार कसा होतो?

पायांतील रक्त हृदयाकडे परत नेण्याचे कार्य नीला करतात. हा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेने असतो. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात व रक्त वर ढकलतात. नीलांमधील लहान लहान झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. या झडपांचे वर्णन इटलीतील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १६०३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना त्यांचा आधार घेतला. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, नीलेवरील दाब वाढतो व ती फुगते. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण व स्थूलता ही त्याची प्रमुख कारणे होत. दीर्घकाळ एकाच जागी उभे राहिल्याने त्यात भर पडते.

हा दाब वर्षानुवर्षे टिकला तर घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाजते, टणक होते आणि अखेरीस तेथे व्रण होतो. असा व्रण बहुधा घोट्याच्या आतील बाजूस, किंचित वर आढळतो. केवळ मलम लावून तो बरा होत नाही किंवा बरा झाला तरी पुन्हा उद्‌भवतो, कारण त्याचे मूळ कातडीत नसून नीलेत असते.

उपचारांचा इतिहास

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत सिराजन्य ग्रंथींचा उल्लेख असून जळवा लावणे, शिरावेध करणे इत्यादी प्रक्रियांचे वर्णन आहे. पाश्चात्त्य वैद्यकात घट्ट पट्टी बांधण्याची पद्धत फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी मांडीतील मुख्य नीला बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विकृत नीला ओढून काढण्याची पद्धत आली व ती पुढे जवळजवळ शंभर वर्षे प्रमाण मानली गेली. त्यानंतर बारीक नळीतून लेसर किरण अथवा उच्च कंप्रतेच्या विद्युत्‌लहरी सोडून नीला आतूनच बंद करण्याचे तंत्र निघाले. औषधाचा फेस टोचून नीला बुजविण्याची पद्धतही प्रचारात आली.

उपचार अनेक झाले की निवडीचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक उपचाराने बरे झालेले काही रुग्ण सापडतातच. तेवढ्यावरून एक उपचार दुसऱ्यापेक्षा सरस ठरत नाही. त्यासाठी पद्धतशीर चाचणी आवश्यक असते.

चाचणी म्हणजे काय?

एखाद्या शेतकऱ्याला दोन खतांची तुलना करावयाची असेल, तर एक खत भरड जमिनीत व दुसरे खाजन जमिनीत घालून भागत नाही. कारण पिकातील फरक खताचा की जमिनीचा, हे कळत नाही. रुग्णांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. डॉक्टरांनी सौम्य विकाराचे रुग्ण एका उपचारासाठी व तीव्र विकाराचे दुसऱ्यासाठी निवडले, तर निष्कर्ष फसवा ठरतो. म्हणून कोणत्या रुग्णास कोणता उपचार द्यावयाचा, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे योगायोगावर सोपविले जाते. त्यामुळे वय, व्यवसाय, विकाराची तीव्रता हे घटक दोन्ही गटांत साधारण सारखे विभागले जातात आणि जो फरक उरतो तो उपचाराचा मानता येतो.

संशोधनाचे निष्कर्ष

या पद्धतीने ब्रिटनमध्ये झालेल्या तीन चाचण्या विशेष उल्लेखनीय आहेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत पायावर व्रण असलेल्या किंवा नुकताच भरलेल्या ५०० रुग्णांचा समावेश होता. एका गटास केवळ दाबपट्टी बांधण्यात आली. दुसऱ्या गटास दाबपट्टीबरोबर शस्त्रक्रियाही देण्यात आली. २४ आठवड्यांत व्रण भरण्याचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ६५ असे समान होते. तथापि, वर्षभरात व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण केवळ पट्टी बांधलेल्या गटात शेकडा २८, तर शस्त्रक्रिया झालेल्या गटात शेकडा १२ आढळले. पट्टीने व्रण भरतो, परंतु नीलेवर इलाज केल्यास तो परत येण्याची शक्यता घटते, हे यावरून सिद्ध झाले.

दुसऱ्या चाचणीत अकरा रुग्णालयांतील ७९८ रुग्णांवर फेस, लेसर व शस्त्रक्रिया या तीन उपचारांची तुलना करण्यात आली. तिचे पहिले निष्कर्ष २०१४ मध्ये व पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर लेसर व शस्त्रक्रिया यांचा लाभ फेसापेक्षा अधिक टिकाऊ असल्याचे दिसून आले. उपचारानंतरच्या तक्रारी लेसरच्या गटात सर्वांत कमी होत्या.

तिसरी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. व्रण असलेल्या ४५० रुग्णांपैकी सर्वांना दाबपट्टी देण्यात आली. एका गटात दोन आठवड्यांच्या आत विकृत नीलाही बंद करण्यात आली. दुसऱ्या गटात व्रण भरेपर्यंत किंवा सहा महिन्यांपर्यंत वाट पाहण्यात आली. व्रण भरण्यास पहिल्या गटात मध्यमानाने ५६ दिवस व दुसऱ्यात ८२ दिवस लागले. हातावर पोट असलेल्या कामगाराच्या दृष्टीने २६ दिवसांचा हा फरक लहान नव्हे.

पारंपरिक उपचारांनाही हाच मापदंड लागू आहे. पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या गोव्यातील केंद्राचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. प्राचीन ग्रंथांत वर्णिलेले उपचारही आधुनिक चाचणीच्या कसोटीवर तपासता येतात. उपचार जुना आहे किंवा नवा आहे, महाग आहे किंवा स्वस्त आहे, यावरून त्याची गुणवत्ता ठरत नाही.

रुग्णाचे हक्क

चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाच्या रक्षणासाठी भारतात निश्चित नियम आहेत. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी सक्तीची करण्यात आली. चाचणीस नीतिविषयक समितीची संमती लागते. तिचा हेतू, लाभ व धोके रुग्णास समजेल अशा भाषेत सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. रुग्ण निरक्षर असल्यास त्रयस्थ साक्षीदारासमक्ष ही कार्यवाही करावयाची असते. नकार देण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा त्याला पूर्ण अधिकार असून, त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. कागद न समजता अंगठा उठविणे म्हणजे संमती नव्हे. गावातील शिक्षक व पंचायतीचे कर्मचारी यांनी असा कागद वाचून दाखविण्यास मदत केल्यास ते मोठेच लोककार्य ठरेल.

काय करावे?

काम करताना अधूनमधून चालावे, टाचा वर-खाली कराव्यात व विश्रांतीच्या वेळी पाय उंचावर ठेवून पडावे. दाबपट्टी अथवा दाबमोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत. कारण पायाचा रक्तपुरवठा मुळातच अपुरा असल्यास घट्ट पट्टीने अपाय होतो. मधुमेही रुग्णांनी या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागल्यास रुग्णास आडवे निजवावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून धरावी व त्वरित रुग्णालयात न्यावे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागल्यास, तसेच श्वास लागल्यास, विलंब मुळीच करू नये. नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

घोट्याजवळचा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर घरगुती मलमांत वेळ न दवडता तपासणी करून घ्यावी. वास्को परिसरातील नागरिकांना चिखली येथील उपजिल्हा रुग्णालय जवळचे आहे. पेडणे व डिचोली येथील नागरिकांनी आपल्या नजीकच्या आरोग्य केंद्रात जावे. पुढील उपचारांची गरज भासल्यास तेथील डॉक्टर बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे चिठ्ठी देऊ शकतात. डॉप्लर सोनोग्राफीने कोणती झडप निकामी झाली आहे, हे कातडीला छेद न देता कळते.

ज्या ४५० रुग्णांनी तिसऱ्या चाचणीत भाग घेतला, त्यांच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली : व्रण भरण्याची वाट पाहून मग नीलेकडे वळावयाचे नसते; दोहोंवर एकाच वेळी इलाज करावयाचा असतो. हे ज्ञान आता सर्वांना उपलब्ध आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी रुग्णाने वेळीच दवाखान्याची पायरी चढणे, एवढेच बाकी उरते.