एका लाखाचा हिशेब

आमच्या मजल्यावर एक निवृत्त जोडपं राहतं. गेल्या पावसाळ्यात ती दोघं एका संध्याकाळी माझ्याकडे आली. भाईंदरमधल्या एका इस्पितळाला दोन लाख रुपये द्यायचे होते. "बँकेत आयुष्य गेलं तुमचं साहेब, कसे द्यावेत ते सांगा," गृहस्थ म्हणाले. मी चेक, पावती, एटी-जीची सवलत सगळं समजावलं. उठता उठता वहिनी म्हणाल्या, "नुसता चेक देऊन घरी यायचं, हे काही बरं वाटत नाही हो."

मी काही बोललो नाही. माझ्या स्वतःच्या चेकबुकाच्या स्थळप्रती डोळ्यांपुढे आल्या. पुष्कळ संस्थांना मी पैसे दिले, पण त्यांतल्या एकीचाही जिना कधी चढलो नाही. त्या रात्री मात्र मला एका वेगळ्याच देणगीची आठवण होत राहिली.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आलं. माझा एक सहकारी तेव्हा नुकताच गिरगावातली खोली सोडून भाईंदरला राहायला गेला होता. त्याचा धाकटा भाऊ या पुडीच्या नादी लागला. आधी घरातली पितळेची भांडी नाहीशी झाली, मग आईच्या पाटल्या. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा त्या घराने धसका घेतला होता. चांदीवर पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. अशा मुलाला न्यायचं कुठे? कोणी म्हणे पोलिसांत द्या, कोणी म्हणे वेड्यांच्या इस्पितळात टाका. माझा मित्र काउंटरवर नोटा मोजताना मधेच थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा.

त्याच सुमारास अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. असे लेख वाचून आपणही अस्वस्थ होतो, आणि मग चहा घेतो. या दोघांनी अवचट पती-पत्नींना विचारलं की यावर काय करता येईल, आणि अशा मुलांसाठी केंद्र काढायला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानतर्फे एक लाख रुपये देऊ केले. माझा पगार तेव्हा महिना दोन हजारांच्या आसपास होता. म्हणजे माझी चार वर्षांची कमाई.

हा लाख आला कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. तो कुणा उद्योगपतीच्या नफ्यातला नव्हता. 'बटाट्याची चाळ', 'वाऱ्यावरची वरात' यांच्या प्रयोगांतून आणि पुस्तकांतून जे आलं, त्याला या जोडप्याने प्रतिष्ठानची वाट करून दिली. सुनीताबाई हिशेबाला फार कडक, परवानगी आणि मानधन याबाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत, अशी तक्रार नाटकवाल्यांच्या तोंडी असायची. पुलंच्या हसऱ्या घरात ही एक कठोर बाई, असंही लोक बोलत. बँकेतल्या माणसाला मात्र या कडकपणाचं मोल कळतं. ज्याला खुशाल वाटून टाकायचं आहे त्याने आधी जमा नीट धरावी लागते, आणि जमा धरणाऱ्याला कोणी टाळ्या देत नाही.

पण तो लाख नुसता मुदत ठेवीत पडला असता, जर घ्यायला कोणी पुढे झालं नसतं. डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुलंच्या हस्ते 'मुक्तांगण'चं उद्घाटन झालं. अवचटांकडे संसार चाले तो मुख्यतः सुनंदाबाईंच्या पगारावर. अनिलरावही डॉक्टरच, पण दवाखाना थाटून बसले नाहीत. ते लिहायचे, हिंडायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे. त्यांतलं बरंच काही मुक्तांगणातल्या मुलांच्या वाट्याला आलं.

मारहाण नाही, अपमान नाही, ही सुनंदाबाईंची रीत. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी कामाला घेतलं. बायकोच्या दुखण्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. त्यांनी रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट काढला. पुढे त्यांना कॅन्सर झाला. त्या आजारातही त्यांनी काम सोडलं नाही. १९९७ साली त्या गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पाहू लागली. अनिलराव २०२२ साली गेले, तोवर मुक्तांगणशी त्यांची नाळ तुटली नव्हती. पुलं २००० साली बारा जूनला गेले. त्यांच्या लग्नाची तारीखही तीच. सुनीताबाई २००९ साली गेल्या.

माझ्या मित्राने भावाला १९८८ साली तिथे नेलं. तो बरा होऊन आला, आठ महिन्यांनी पुन्हा घसरला. आई म्हणाली, आता कोणत्या तोंडाने परत न्यायचं? नेला. 'पुन्हा आलास का' असं कोणी विचारलं नाही. आधी चहा दिला. दुसऱ्या खेपेला तो तगला. भाईंदर स्टेशनजवळ त्याने झेरॉक्सचं दुकान काढलं, ते अजून चालू आहे. गल्ल्याशेजारी आईचा फोटो आहे. तिच्या पाटल्या काही परत आल्या नाहीत.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांना सांगितलं. ती दोघं ऐकत राहिली आणि चहा न घेताच उठली. मला वाटलं, कंटाळली.

दोन लाखांचा चेक त्यांनी दिला, पण तो नंतर. आधी ती इस्पितळात जाऊन मेट्रनबाईंना भेटली. मंगळवार-गुरुवार सकाळी दोघं केसपेपरच्या रांगेपाशी उभी असतात. गृहस्थ म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून देतात, वहिनी एक्स-रेची खोली दाखवायला सोबत जातात. पहिल्या महिन्यात त्यांना कोणी विचारलंही नाही. एकाने तर दलाल समजून झापलं. तरी जातात.

परवा लिफ्टमध्ये वहिनी भेटल्या. "साहेब, औषधांच्या फंडाचा हिशेब फार विस्कटलाय," त्या म्हणाल्या. "गुरुवारी काय करताय?"