पेटीवरचं नाव कोणाचं?

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शाळेतले सगळे निबंध इंग्लिशमध्ये लिहिले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण विषय आंब्याचा आहे, आणि तो मराठीतच लिहायला हवा.

मागच्या मे महिन्यात सबमिशन, व्हायवा सगळं आटोपून घरी निघाले. आईला सरप्राइज म्हणून हायवेवरच्या एका स्टॉलवरून आंब्याची पेटी घेतली. वर ठळक अक्षरांत ‘देवगड हापूस’. मेसबाहेरचं खाणं बंद करून साठवलेले पैसे त्यात गेले. घरी पोचले तर नेमका मामा आलेला, तोही पेटी घेऊन. मामाची देवगड तालुक्यात चाळीसेक कलमं आहेत. त्याने माझ्या पेटीतला एक आंबा उचलला, देठाजवळ वास घेतला आणि आंब्याभोवती गुंडाळलेला पेपर माझ्यासमोर धरला. पेपर कानडी होता.

“नाव आमचा, आणि पैसे तेंका,” एवढंच मामा म्हणाला.

आंबा तसा वाईट नव्हता हो! कर्नाटकातही हापूसची कलमं आहेत, जात एकच. पण कोकणचा कातळ, जांभ्याची लाल माती आणि समुद्राचा खारा वारा तिथे कुठून येणार? आपल्या लॅबमध्ये नाही का, प्रॅक्टिकल एकच पण सेटअप बदलला की रीडिंग बदलतं, तसंच. साल जाड, वास कमी. फसवणूक आंब्यात नव्हती, पेटीवरच्या नावात होती. आणि त्या कर्नाटकातल्या शेतकऱ्याचं तरी काय भलं झालं? त्याच्या गावाचं नाव कुठेच नाही.

ह्याच दुखण्यावर औषध म्हणून भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आलं. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक तिच्या प्रदेशामुळे असेल, तर ते नाव कायद्याने त्या प्रदेशाचं. आपल्याकडे हा कायदा 1999 साली झाला आणि सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. नोंदणीचं ऑफिस चेन्नईला आहे. देशातली पहिली नोंदणी दार्जिलिंग चहाची. आपल्या हापूसला मात्र ऑक्टोबर 2018 पर्यंत थांबावं लागलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ‘हापूस’ हे मानांकन मिळालं. लासलगावचा कांदा, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, जळगावचं भरताचं वांगं ही मंडळी तर 2016 मध्येच यादीत जाऊन बसली होती.

आता कोणी विचारेल, ट्रेडमार्क आणि ह्यात फरक काय? ट्रेडमार्क एका कंपनीचा असतो, ती तो विकू शकते. जीआय कोणालाच विकता येत नाही. तो त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा, गावच्या विहिरीसारखा. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे ती पुन्हा वाढवून घ्यायची.

मग मानांकन मिळूनही मला नकली पेटी कशी मिळाली? खरी गोम इथेच आहे. संस्थेने नाव नोंदवलं म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक बागायतदाराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते. त्याची सरकारी फी 2020 मध्ये 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणली. म्हणजे अडचण पैशांची नाही, तर माहितीची, कागदपत्रांची आणि ‘करून काय मिळणार’ ह्या प्रश्नाची आहे. खोटं नाव लावणाऱ्याला कायद्यात तुरुंगवास आणि दंड आहे, पण एकदा आंबे एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेले की सिद्ध कोण आणि कसं करणार?

इथे आपल्या लोकांचं काम येतं! देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामापासून प्रत्येक आंब्यावर वेगळा कोड असलेलं स्टिकर आणलं. स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, मग ते फाडून आतला कोड टाकायचा. जुळला तर आंबा खरा. फाटलेलं स्टिकर पुन्हा वापरता येत नाही. आणि बागायतदाराला स्टिकर मिळतात त्याच्या झाडांच्या हिशेबाने, त्यामुळे चाळीस कलमांवर चारशे कलमांचा आंबा खपवता येत नाही. साधी आयडिया, पण डोकं लावलेली. फायनल इयरला दरवर्षी तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम करणाऱ्यांनी जरा विचार करावा.

हे सगळं कशासाठी? फवारणी, राखण, मजुरी, पॅकिंग हा मामाचा खर्च खऱ्या आंब्याचा असतो, पण भाव ठरतो शेजारी ठेवलेल्या खोट्या पेटीशी तुलना करून. नावाचे पैसे गावात पोचले, तरच मामाच्या मुलाला बाग सोडून मुंबईत नोकरी शोधावी लागणार नाही. ग्रामीण विकास म्हणजे फक्त रस्ते आणि दिवे नाहीत. आपल्या मालाला आपल्या नावाने भाव मिळणं हाही विकासच.

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले तेव्हा सातबारा शोधून मामाचा फॉर्म मीच भरून दिला. सही करताना त्याने विचारलं, “ह्येच्यान दर वाढतलो काय गो?”

मला लगेच ‘हो’ म्हणता आलं नाही. ते थोडं तुमच्या-माझ्यावर आहे. ह्या मे महिन्यात घरी पेटी न्याल तेव्हा नावापाशी थांबू नका. आंबा कुठल्या बागेतला, कोड आहे का, एवढं विचारा. आणि कर्नाटकचा घेतलात तर कर्नाटकचा म्हणून, त्याच्या भावाने घ्या.